वाफारा, जलनेती की वेखंडाचा लेप?

मृग लागला की खानापूर-जांबोटीकडं पाऊस झोडपून काढतो आणि इकडं माझं नाक चोंदतं. पुढं वाकलं की गालफडं जड, कपाळ ठणकतं. घरात जेवढी माणसं तेवढे उपाय. त्यातला कुठला धरायचा, तो माझा हिशेब सांगतो.

आमच्यात आधी वाफारा. पातेल्यात ओवा, डोक्यावर टॉवेल. बरं वाटतं, ते काही खोटं नाही. पण इंग्लंडात ८७१ सायनसच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) वाफेनं डोकेदुखी तेवढी कमी झाली, बाकी त्रास तसाच. त्याच अभ्यासात मिठाच्या पाण्यानं रोज नाक धुणाऱ्यांना ३ आणि ६ महिन्यांनी थोडा फायदा दिसला. थोडाच, पण दिसला. म्हणून जुनाट सायनसवाल्यानं आधी जलनेतीच, म्हणजे हे नाक धुणंच, करावी. वाफारा त्या रात्रीपुरता, तोही पोरं आसपास नसताना. पातेलं कलंडून भाजतं.

मेंथॉलच्या बामाचीही गंमत आहे. नाक मोकळं झालंसं वाटतं, पण मोजून बघितलं तर हवेची वाट होती तेवढीच.

वेखंडाचं काय? बेळगावच्या खडेबाजारात वेखंड मागा नाहीतर कन्नडात 'बजे', मुळी तीच. आजी सहाणेवर सुंठ-वेखंड उगाळून कपाळाला लावायची. ऊब लागते, पण लेप कातडीवर आणि सूज हाडाच्या आतल्या पोकळीत. लावा हवं तर. पोटात मात्र नको. त्यातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकामुळं प्राण्यांत कॅन्सरच्या गाठी झालेल्या दिसल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्यात चालत नाही.

अणुतेलाचं नस्य, म्हणजे हे औषधी तेल नाकात सोडणं, चरकसंहितेतलं. करायचंच तर वैद्यांकडं. तेल चुकून फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

आता नेतीचं पाणी. मी पहिल्या दिवशी नळाचंच घेतलं, मीठही घालायचं राहिलं. नाकात अशी आग झाली की भांडं मोरीतच टाकलं. पाणी उकळून कोमट करायचं, कारण नळाच्या पाण्यातला एखादा अमीबा नाकातून मेंदूत जाऊ शकतो. अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ. झोंबत नाही.

डोळ्याभोवती सूज, दिसायला अंधुक, मान ताठ किंवा मोठा ताप असला तर यातलं काहीच करत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा.