टाइप-सी केबल: चार्जिंगची, १० जीबीपीएसची की थंडरबोल्ट ४?

तिन्हींची टोकं हुबेहूब सारखी. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण फरक आहे तो आतल्या तारांत.

फोनच्या खोक्यातली केबल बहुधा यूएसबी २.० ची असते. टाइप-सीच्या कनेक्टरात २४ पिनांची सोय आहे. या केबलमध्ये मात्र वीज, ग्राउंड, डेटाच्या तारांची एकच जोडी आणि सीसीची तार (किती वीज द्यायची हे दोन्ही टोकं हिच्यावरून ठरवतात), बस्स. वेग ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट), प्रत्यक्षात हातात पडतो सेकंदाला ३५-४० एमबी. म्हणजे १०० जीबीचे व्हिडिओ एसएसडीवर (बाहेरून जोडायच्या वेगवान ड्राइव्हवर) टाकायला पाऊण तास. मॉनिटर लावला तर चित्र येत नाही. चित्र वेगवान जोड्यांतून जातं आणि त्या इथे नसतातच. केबल खराब आहे म्हणून फेकू नका. चार्जिंगला हीच बरी: पातळ, लवचिक, दोन मीटरचीही चालते.

पाकिटावरच्या ‘२४० वॅट’ला भुलू नका. वॅट आणि वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते; केबलला किती वीज झेपते हे ती चार्जरला सांगते. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवर, म्हणजे ६० वॅटवर थांबतो.

बाहेरची एसएसडी वापरणाऱ्याने १० जीबीपीएसची घ्यावी. तेच १०० जीबी, एसएसडीने दम धरला तर, दोन मिनिटांत उरकतात. लांबी एक मीटरच्या आतच ठेवा. वारंवारता वाढते तसा तांब्यात सिग्नल लवकर क्षीण होतो. स्वस्तातली दोन मीटरची घेतली की ड्राइव्ह मध्येच डिस्कनेक्ट होते नाहीतर कमी वेगावर उतरते. एक टोक जुनं टाइप-ए असेल तर ते झटक्यात आत घाला. हळू सरकवलं की २.० च्या पिना आधी टेकतात आणि कधीकधी ड्राइव्ह ४८० वरच अडकते.

थंडरबोल्ट ४, म्हणजे टाइप-सीच्याच टोकाची ४० जीबीपीएसची केबल, महाग आहे. डॉक (एका केबलवर अनेक पोर्ट देणारा डबा) किंवा दोन ४के मॉनिटर एकाच केबलवर चालवायचे असतील तरच पैसे घाला. ४० जीबीपीएससाठी पॅसिव्ह, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप नसलेली, केबल ०.८ मीटरपर्यंत, दोन मीटर हवी तर टोकांत चिप असलेली अॅक्टिव्ह. इथे सेकंडहँड थंडरबोल्ट ३ ची दोन मीटरची अॅक्टिव्ह केबल टाळा: थंडरबोल्टला ती ४० देते, पण साधी यूएसबी ड्राइव्ह लावली की सहसा ४८० एमबीपीएसवर येते.

घरी आणल्यावर ड्राइव्ह जोडून वेग तपासा. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या यूएसबीच्या यादीत तो दिसतो. १० जीबीपीएसच्या ड्राइव्हपुढे ४८० दिसलं, तर दुसरी केबल लावून पाहा आणि मगच ड्राइव्हवर संशय घ्या.