ऑटोमॅटिक गाडीत गिअर हाताने निवडण्याची सोय : घाटात कोणती उपयोगी?

ऑटोमॅटिक गाडी घेताना केवळ 'डी'वर (ड्राइव्ह, म्हणजे गाडी स्वतःच गिअर बदलते ती स्थिती) भिस्त ठेवावी की गिअर आपल्या हाती घेता येईल अशीच गाडी पाहावी, हे ती कोणत्या रस्त्यावर चालणार आहे यावर ठरते. शहरातल्या सपाट रस्त्यांवर 'डी' पुरेसा असतो; तिथे गिअरची निवड गाडीवरच सोपवलेली बरी.

घाटाचा उतार ही वेगळी गोष्ट आहे. सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीतून सावंतवाडीकडे उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की अनेक गाड्या वरचा गिअर टाकतात, त्यामुळे इंजिनाचा रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापू लागतात. दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवला, तर इंजिनच गाडीला आवरते. आवाज वाढतो, पण पाय काढलेला असताना इंजेक्टर इंधन तोडत असल्याने पेट्रोल वाया जात नाही. काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतःच गिअर खाली आणतात.

सर्वसामान्य ग्राहकापर्यंत 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओमुळे पोहोचलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर चालकाऐवजी यंत्रणा हलवते, एवढाच फरक. गिअर बदलताना तिला बसणारा हिसका आणि लागणारा वेळ पाहता, ओव्हरटेक करण्याआधीच गिअर पाडून घेण्याची सोय तिथे सर्वाधिक कामाची ठरते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या माध्यमातून इंजिनाची ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक, मुळातच मऊ चालतो, त्यामुळे त्यात हाताने निवड लागते ती मुख्यतः उतारावर. सीव्हीटीत, म्हणजे पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, खरे गिअर नसतात, काही मॉडेलांत त्यांच्या पायऱ्यांचा आभास तेवढा निर्माण केलेला असतो. जिथे फक्त 'एस' (स्पोर्ट) किंवा 'एल' (लो) दिलेला आहे, तिथे रोध मिळतो, पण हवा तेवढाच मिळेल असे नाही. डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, गिअर झटकन बदलते, मात्र ड्राय क्लचची (तेलात न बुडालेल्या क्लचची) असेल तर चढावरच्या कोंडीत रांगत राहिल्याने क्लच तापतो, आणि त्यावर हाताने गिअर निवडणे हा पुरेसा उपाय नव्हे. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून थांबत जाणे अधिक बरे.

स्टिअरिंगवरच्या पॅडलांचे (बोटांनी गिअर बदलण्याच्या कळांचे) आकर्षण मोठे असले, तरी बहुतेक गाड्यांत ती चाकाबरोबर फिरतात, त्यामुळे तीव्र वळणात नेमकी हाताखाली सापडत नाहीत. गिअरची दांडी मात्र जागची हलत नाही. दांडीवर गिअर वर-खाली करायला अधिक-उणे (+/-) असेल, तर निव्वळ पॅडलांसाठी वरचे मॉडेल घेणे मला पटत नाही. शिवाय काही गाड्यांत 'डी'मध्ये असताना पॅडल दाबले, तर निवडलेला गिअर तात्पुरताच राहतो आणि गाडी आपोआप 'डी'वर परतते, म्हणून वेगळा 'एम' (मॅन्युअल) आहे का, हे विचारून घ्यावे.

चुकीच्या गिअरने इंजिन बिघडेल, ही भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही, कारण आजच्या गाड्या इंजिन अतिवेगाने फिरेल असा खालचा गिअर स्वीकारतच नाहीत. चाचणीसाठी गाडी उतारावर न्यावी, 'एम'मध्ये दुसरा गिअर टाकून पाय काढावा आणि गाडी तो गिअर धरून ठेवते की परस्पर बदलते, हे विक्रेत्यासमोरच पाहावे.