गुडघ्याच्या दुखापतीनंतर घरातला सायकल ट्रेनर: पावसाळा आणि ऑक्टोबर हीट धरून वापरल्यावर

लिगामेंटच्या ऑपरेशननंतर ठाण्यातल्या येऊरचा चढ काही महिने विसरावाच लागतो. फिजिओने पेडल मारायला परवानगी दिली की उरतो घरातला ट्रेनर. हे परीक्षण मागचं चाक रोलरवर टेकवायच्या साध्या मॅग्नेटिक ट्रेनरचं आहे. यंत्र चांगलं आहे, पण ठाण्याच्या दमट हवेत त्यावर टिकून बसणं सगळं वाऱ्यावर ठरतं. स्क्रीन, गाणी, अ‍ॅप हे त्यानंतरचं.

रस्त्यावर वारा आपोआप लागतो, घरात तो विकत घ्यावा लागतो. सीलिंग फॅन कुचकामी. पुढे वाकल्यावर त्याचा वारा फक्त पाठीवर येतो. 400 मिमीचा पेडेस्टल फॅन समोर तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीला, फॅनची मान फिरू न देता ठेवायचा. गॅलरीचं दार उघडं ठेवा. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने घाम सुकत नाही, अंग तापतं आणि तेवढ्याच जोरावर नाडी चढत जाते. अशा वेळी पायांचा जोर वाढवू नका, वारा वाढवा. आधी आणि नंतर वजन करून पाहा: एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. मोठ्या बाटलीत ओआरएस हवंच.

आता गुडघा. जिममधल्या बऱ्याच स्पिन बाइकचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. पाय थांबवला तरी पेडल फिरत राहतं आणि पायाला ओढून नेतं. नुकत्याच बऱ्या होणाऱ्या गुडघ्याला हे धोक्याचं. ट्रेनरवर आपलीच सायकल, फ्रीव्हीलसकट. पाय थांबला की पेडलही थांबतं. पूर्ण फेरीसाठी गुडघा साधारण 110 अंश वाकावा लागतो. तेवढा वाकत नसेल तर पेडल अर्धं पुढे, अर्धं मागे असं झुलवायचं. वर अडकलं तिथे जोर लावायचा नाही. सीट किंचित उंच केली तर फेरीच्या वरच्या टोकाला गुडघा कमी वाकतो, पण कंबर डुलायला लागली तर ती जास्त झाली. 170 ऐवजी 165 मिमीचा क्रँकही (पेडलचा दांडा) याच कारणाने उपयोगी. क्लिट (बूट पेडलमध्ये अडकवणारे खटके) नकोत, कारण पाय सोडवताना टाच बाहेर फिरवावी लागते आणि तोच पीळ गुडघ्याला नको असतो. हलका गिअर, मिनिटाला 80 च्या आसपास फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला सूज दिसली तर कालचं जास्त झालं.

स्मार्ट ट्रेनर (स्वतःच जोर बदलणारा) असेल तर एर्ग मोड बंद ठेवा. त्यात ठरलेली पॉवर राखण्यासाठी पाय मंदावला की यंत्र जोर वाढवतं. पाय आणखी मंदावतो, जोर आणखी चढतो, आणि तो सगळा भार गुडघा झेलतो.

जोडणी: ट्रेनरसोबत येणारा स्टीलचा क्विक रिलीजच (मागच्या चाकाच्या मधून जाणारा दांडा) लावा. 25 मिमी रोड टायरमध्ये 100 पीएसआयच्या आसपास हवा, अर्थात टायरवर लिहिलेल्या मर्यादेत. रोलर टायरला टेकल्यावर नॉब साधारण दोन फेरे आवळायचा. सैल राहिला तर जोर लावताना टायर घसरून किंचाळतो, फार आवळला तर तापतो आणि लादीवर काळी पावडर पडते. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) खडबडीत टायर इथे चालत नाही. गुळगुळीत टायर घाला.

खालच्या मजल्यावर त्रास होतो तो आवाजापेक्षा थरथरीचा. स्लॅबच्या मधोमध ट्रेनर ठेवू नका, भिंतीखाली बीम असेल तिथे लावा. खाली 15-20 मिमीच्या रबरी मॅट, वर प्लायवूड. तरीही दुपारची झोपेची वेळ टाळलेली बरी.

सीटवर बूड बधिर होणं हे नेहमीचं, कारण सायकल हलत नाही. दर आठ-दहा मिनिटांनी थांबून वजन हातांवर घ्या. उभं राहून पेडल मारायचं ते फिजिओने सांगितल्यावरच. हँडलवर टॉवेल टाका. घाम स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) बोल्टवर ठिबकतो आणि आपल्याकडे तो गंज महिन्याभरात दिसतो. वापरून झाल्यावर ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा एकेक बोल्ट काढून ग्रीस लावा.

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून सायकल थेट त्यावर बसते) खूपच शांत, पण महाग. बरं झाल्यावरही पावसाळाभर घरातच सराव करायचा असेल तरच तो घ्या. घेताना कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या) सोबत येते का ते विचारा, आणि ती आपल्या सायकलला मागे जितके गिअर आहेत तितक्याच चकत्यांची घ्या.