कोकोस की गॅलापागोस?
पूर्व पॅसिफिकमध्ये हॅमरहेड शार्कचे थवे पाहण्यासाठी बोटीवर मुक्काम करून स्कूबा डायव्हिंग करायचे असेल, तर निवड बहुधा कोस्टा रिकाचे कोकोस बेट आणि इक्वेडोरच्या गॅलापागोसमधील वुल्फ व डार्विन ही उत्तरेकडील बेटे यांतच करावी लागते.

कोकोस किनाऱ्यापासून सुमारे ५५० किलोमीटरवर आहे आणि तेथे विमानतळ नाही. खुल्या समुद्रातून जाताना साधारण ३६ तास व परतताना तितकेच तास मोडतात, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी या प्रवासाचा आधी गांभीर्याने विचार करावा. गॅलापागोसला मात्र विमानाने पोहोचून तेथूनच बोटीवर चढता येते.

पाण्याखालचे वैविध्य पाहता गॅलापागोस निःसंशय सरस आहे. जून ते नोव्हेंबर या काळात डार्विनजवळ अजस्र व्हेल शार्क दिसतात (तेथील प्रसिद्ध दगडी कमान मे २०२१ मध्ये कोसळली, शार्कना त्याचे सोयरसुतक नसावे), आणि फर्नांडिना बेटाजवळ समुद्री इग्वाना पाण्यात बुडी मारून शेवाळ खाताना पाहता येतात. या पश्चिमेकडील भागात पाणी अनेकदा २० अंशांच्याही खाली जात असल्याने जाड वेटसूट अपरिहार्य ठरतो. कोकोसचे पाणी त्या मानाने उबदार असते, आणि त्याच्या लगतच्या मानुएलिता या छोट्या बेटाजवळ रात्री शिकारीला निघणारे व्हाइटटिप शार्क हे त्याचे खास आकर्षण आहे.

प्रवाह दोन्हीकडे जोरदार असतात. नवशिक्यांनी दोन्ही सफरी तूर्त टाळाव्यात. अनुभवी व्यक्तीला एकदाच जाणे शक्य असेल, तर मी गॅलापागोस सुचवीन.