सी-व्हिजिल ॲप : एका फ्लेक्सवाल्याचा अभिप्राय

इचलकरंजीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. म्हणजे निवडणूक आयोगाचं हे ॲप माझ्याच मालाच्या मागे लागलेलं. तरी पाचपैकी साडेतीन तारे देतोय.

वापरायला सोपं आहे. आचारसंहिता मोडलेली दिसली की तिथंच उभं राहून फोटो काढायचा, नाहीतर दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ. जागा फोन आपोआप टिपतो. पाच मिनिटांत तक्रार पाठवायची, भरारी पथक येतं आणि १०० मिनिटांत निकाल लावायचा असा नियम. २०२४ च्या लोकसभेला मार्च संपायच्या आतच ७९ हजारांवर तक्रारी आल्या होत्या, त्यातल्या ८९ टक्क्यांच्या आसपास वेळेत मिटल्या असं आयोग सांगतो. आमच्या चौकातला एक फ्लेक्स असाच संध्याकाळच्या चहाआधी उतरला. छपाईचे पैसे रोख मिळालेले होते, त्यामुळे मला काही वाईट वाटलं नाही.

दीड तारा कापला तो वेगळ्या कारणासाठी. त्या ७९ हजारांत साडेअठ्ठावन्न हजार तक्रारी नुसत्या बेकायदा होर्डिंग-बॅनरच्या. धार्मिक भाषण, संदेश असाही पर्याय यादीत आहे. पण त्याचा फोटो काढणार कसा? गिऱ्हाईक मागे देवळाचा कळस टाका म्हणतं. मी सांगतो, बाबा रे, प्रार्थनास्थळ प्रचारात चालत नाही, आणि खाली छापणाऱ्याचं नाव टाकावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ, सहा महिने आत मी जाईन. मग ते म्हणतं, "ऱ्हाऊ दे दादा. चिन्ह नको, उमेदवार नको. नुसतं 'आत्ताच जागे व्हा' छाप, खाली 'समस्त नागरिक'." कुणाला भिऊन जागं व्हायचं, ते वाचणाऱ्याला बरोबर कळतं. पथक तो फ्लेक्स उतरवतं, पण परवाना नाही म्हणून. मजकुराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आणि आता भीती फ्लेक्सवर कमी, फोनवर जास्त. २०२४ ला एकीकडून मंगळसूत्र जाणार, दुसरीकडून संविधान जाणार. दोन्ही व्हिडिओ मला एकाच गल्लीतून आले. ते ॲपवर टाकता येत नाहीत, कारण गॅलरीतलं काही ते घेतच नाही. खोट्या तक्रारी टाळायच्या तर तसंच हवं, मान्य. पण आमची आई पूजा आटोपून भजनी मंडळाचा ग्रुप उघडते आणि तिचं मत तिथंच ठरतं. तिला कुणी पाकीट दिलेलं नाही. श्रद्धेनं मत देणं हा तिचा हक्कच. पण गेल्या खेपेला ती श्रद्धेपेक्षा धास्तीनंच लवकर रांगेत उभी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कोर्टातून तरी लवकर काही होतं का? विलेपार्ल्याची पोटनिवडणूक १९८७ ची. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून ती रद्दच, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला डिसेंबर १९९५ ला. त्यामानानं १०० मिनिटं झकासच म्हणायची.

ॲप घेणार असाल तर दोन गोष्टी. लोकेशन चालू ठेवा. आणि निनावी तक्रार करता येते, पण मग पुढं काय झालं ते कळवत नाहीत. हिंमत असेल तर नंबर देऊनच करा.