‘शुद्ध इपॉक्सी’ म्हणून विकले गेलेले पातळ रेझिन

लाकडी टेबलांवर ओतण्यासाठी ‘शंभर टक्के शुद्ध इपॉक्सी’ (रेझिन आणि हार्डनर हे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा पदार्थ) म्हणून जो माल मला विकण्यात आला, त्यात रेझिनशी कोणतीही अभिक्रिया न करणारा स्वस्त पातळक मिसळलेला होता. ही लबाडी खपते, कारण असा माल सहज पसरतो, त्यातले बुडबुडे पटकन निघून जातात आणि गिऱ्हाईक त्यालाच दर्जा समजते.

इपॉक्सीचा कणखरपणा डब्यात नसतोच. तो बहुवारिकीकरणातून, म्हणजे लहान रेणू जोडले जाऊन मोठे रेणू बनण्याच्या क्रियेतून येतो. हार्डनरमधील अमाइन हे रसायन रेझिनचे रेणू एकमेकांना जोडून त्यांचे त्रिमितीय जाळे विणते आणि हे जाळे जितके दाट, तितका पदार्थ कडक व उष्णतेला टिकणारा होतो. पातळक या जाळ्यात न गुंतता नुसता मधे बसून राहतो, त्यामुळे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्या तापमानाच्या आसपास कडक रेझिन मऊ पडू लागते ते तापमान, खाली घसरते. सामान्य तापमानाला सेट होणाऱ्या चांगल्या इपॉक्सीत ते बहुधा 50 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर असते. माझ्या टेबलावर मात्र पूर्ण मुदत उलटल्यावरही नखाची खूण उमटत होती, कोमट कपाचे वर्तुळ तसेच राहिले आणि पातळक उडत गेला तशी रेझिनची कड लाकडापासून केसभर सुटली.

तक्रार केल्यावर ‘तुमचेच मिश्रण चुकले, हार्डनर थोडा वाढवून बघा’ असे उत्तर मिळाले. मी दोन्ही भाग काट्यावर तोलून घेतले होते आणि त्याच्या नोंदीही होत्या, पण त्याहून बोलका होता तो हा सल्लाच. तो पॉलिएस्टर या वेगळ्या रेझिनला शोभतो: त्यात उत्प्रेरक (अभिक्रिया सुरू करणारा घटक) मर्यादेत वाढवला तर सेटिंग लवकर होते. इपॉक्सीत मात्र हार्डनर हा जाळ्याचाच घटक असल्यामुळे जादा अमाइन न जोडलेले राहते आणि पृष्ठभाग चिकट होतो. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

निव्वळ पातळपणा हा भेसळीचा पुरावा नव्हे, कारण चांगल्या कास्टिंग इपॉक्सीतही जाळ्यात जोडले जाणारे अभिक्रियाशील पातळक असतात. म्हणून हार्डनर न घालता रेझिनचा पातळ थर तोलून उघडा ठेवावा; दुसऱ्या दिवशी वजन लक्षणीय घटले, तर त्यात द्रावक आहे. बेंझाइल अल्कोहोलसारखा सावकाश उडणारा पातळक या चाचणीतून निसटतो. त्यासाठी जाडसर नमुना ओतून, पूर्ण सेट झाल्यावर 40 अंशांच्या पाण्यात ठेवून नखाने दाबून पाहावा; खूण उमटली, तर संशय घ्यावा. हे सर्व मोठा डबा फोडण्यापूर्वी करावे आणि बॅच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, कारण उघडलेला डबा विक्रेते सहसा परत घेत नाहीत.