लिरिअन म्युझिक सर्व्हर, वर्षभराच्या वापरानंतर: आवाजाची पातळी नीट लावा

रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर पायकोअरप्लेअर ही संगीतासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, त्यात लिरिअन (डिस्कवरचं संगीत घरातल्या वेगवेगळ्या प्लेअरवर वाजवणारं सॉफ्टवेअर, पूर्वीचं लॉजिटेक मीडिया सर्व्हर) आणि यूएसबीला जोडलेली पोर्टेबल हार्ड डिस्क. ही मांडणी बहुतेकांना माहीत आहे, म्हणून इन्स्टॉलेशन सांगत बसत नाही. २०२४मध्ये लॉजिटेकने मायस्क्वीझबॉक्स ही ऑनलाइन सेवा बंद केली, तरी डिस्कवरचं संगीत वाजतच राहिलं. सर्व्हर घरात असण्याचा हाच खरा फायदा.

आधी बिघाडाचं. अल्बम दिसतात, पण लावलं की एकही ट्रॅक न वाजता यादी भराभर पुढे सरकते, असं झालं तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. पायच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून साधारण १.२ अँपिअर मिळतो आणि डिस्क फिरायला लागताना त्यातला बराचसा एकटीच ओढते. मोबाइलचा जुना ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर लावला की व्होल्टेज पडतं आणि डिस्क सुटते. सिस्टिमच्या लॉगमध्ये ‘अंडरव्होल्टेज’ दिसलं की समजायचं. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर घ्या, इथे काटकसर महागात पडते. डिस्क सुटलेली असताना रीस्कॅन, म्हणजे लायब्ररीची पुन्हा तपासणी, मात्र करू नका. ज्या फायली सापडत नाहीत त्यांच्या नोंदी सर्व्हर काढून टाकतो आणि लायब्ररी रिकामी दिसते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. रीप्लेगेन म्हणजे मोजलेल्या आकड्यानुसार ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करून पातळी जुळवणं. त्याची सेटिंग प्लेअरच्या ऑडिओ विभागात असते: ट्रॅक गेन, अल्बम गेन, स्मार्ट गेन. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने ट्रॅक गेनला हात लावू नये. समजा आलापाचा ट्रॅक उणे २८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आहे आणि द्रुतचा उणे १६. लक्ष्य उणे १८ असेल तर आलाप १० डेसिबलने चढतो, द्रुत २ने उतरतो. कलाकाराने राखलेला १२ डेसिबलचा फरक साफ पुसला जातो. जुन्या ध्वनिमुद्रणात तर तानपुऱ्याआडची टेपची सरसरही तेवढीच वर येते. अल्बम गेनमध्ये सगळ्या ट्रॅकना एकच आकडा लागतो, त्यामुळे चढण जशीच्या तशी राहते.

स्मार्ट गेन सुरुवातीला मला निरुपयोगी वाटला होता. आता मत बदललं आहे. शेजारचा ट्रॅक त्याच अल्बमचा असेल तर तो अल्बमचा आकडा घेतो, नाहीतर ट्रॅकचा. एका यादीत भावगीतं, नाट्यपदं आणि नवी गाणी एकत्र असतील तर हाच बरा. सेटिंग प्रत्येक प्लेअरला वेगळी करावी लागते. हॉलमध्ये लावली म्हणून स्वयंपाकघरात लागू होत नाही.

रीप्लेगेनचे आकडे मात्र लिरिअन स्वतः मोजत नाही, ते फायलीतच हवेत. फूबार२००० या संगणकावरच्या म्युझिक प्लेअरमध्ये फायली निवडून रीप्लेगेन ‘अल्बम म्हणून, टॅगनुसार’ स्कॅन करा. त्याआधी टॅग, म्हणजे फायलीत लिहिलेली कलाकार, अल्बम वगैरे माहिती, स्वच्छ हवेत. एका ट्रॅकच्या ‘आर्टिस्ट’मध्ये फक्त गायिका आणि दुसऱ्यात तबलजीसुद्धा, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’ कोरा, असं असेल तर लिरिअन त्या अल्बमला संकलन समजून ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’खाली ढकलतं. मुख्य कलाकाराचं नाव ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये भरा, साथीदार ‘आर्टिस्ट’मध्ये राहू द्या.

एवढं करूनही बदल दिसत नाहीत? एमपी३टॅग या टॅग भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलची जुनी वेळ कायम ठेवण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. ‘नवीन व बदललेल्या’ फायलींचा स्कॅन वेळ आणि आकार बघतो. फ्लॅक (दर्जा न घटवता संगीत साठवणारा प्रकार) फाइलमध्ये टॅगसाठी मोकळी जागा आधीच राखलेली असते, म्हणून आकारही बदलत नाही आणि सर्व्हरला काही कळतच नाही. पर्याय बंद करून टॅग पुन्हा सेव्ह करा आणि तोच छोटा स्कॅन चालवा. सगळी लायब्ररी पुसून नव्याने स्कॅन करायची गरज नाही.

मूळचा वेब इंटरफेस जुनाट आहे. मटेरियल स्किन हे प्लगइन टाका, तो प्रश्न तिथेच संपतो.